राजाभाऊंच्या लसीची मुदत

दिवाळीनंतरचा पहिला मंगळवार. ठिकाण, अंबडचा दवाखाना. हजर: आमचे शेजारी राजाभाऊ साळवे, त्यांची बायको शोभा आणि मी.

राजाभाऊ जगातल्या प्रत्येक गोष्टीची मुदत विचारतात. घनसावंगीच्या बसस्टँडजवळ त्यांचं मोबाइल रिचार्ज आणि गाड्यांच्या विम्याचं दुकान आहे, त्यामुळे धंद्याचा शब्द तोंडात बसलाय. लोणचं चाखलं की, "ताई, व्हॅलिडिटी किती?" नवा रस्ता झाला की, "व्हॅलिडिटी पावसापर्यंत." भाच्याच्या लग्नात जोडप्याला आशीर्वाद दिला, "अनलिमिटेड राहो!" गल्लीत कुणाचा विमा कधी संपतो, हे मालकाआधी त्यांना ठाऊक असतं. भर रस्त्यात हाक मारतात, "ओ सर, जल्दी या, परवा संपून राह्यला!"

तर हा मंगळवार. लेकीच्या वेळी गरोदर असताना शोभाच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. त्रास काही नाही, पण विषाणू अंगात राहिला. लेकीला जन्मताच लस मिळाली. राजाभाऊंनीही तिन्ही डोस घेतले, नंतर रक्त तपासून लस लागू पडल्याची खात्री केली. असं काही निघालं की बायकोला माहेरी धाडणारी घरं मी पाहिली आहेत. राजाभाऊंनी शर्टाची बाही वर केली आणि संसार पुढे नेला. लेक आता पुण्याला शिकते.

गेल्या महिन्यात कुणा पाहुणीनं शोभाच्या कानात घातलं, ही लस पाच-दहा वर्षांत उतरते. त्या दिवसापासून शोभानं आपलं ताट, पेला, अंथरूण सगळं वेगळं केलं. नवऱ्याला काही होऊ नये म्हणून.

"ती माझं ऐकून न्हाई राह्यली, ताई," राजाभाऊ म्हणाले. "तुम्ही चला."

मी नंबर लावला, जुनी फाईल शोधायला लावली आणि दोघांना जीपमध्ये बसवलं.

"मॅडम, या लसीची व्हॅलिडिटी किती?" खुर्चीत टेकायच्या आधीच राजाभाऊंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी फाईल पाहिली. "तीस वर्षांनंतरही संरक्षण टिकल्याचं दिसलंय. त्यापुढेही टिकेल असं वाटतं."

"मंग मधी रिचार्ज?"

"नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा काळानं खाली येतो, पण शरीर विषाणूला विसरत नाही. तो आला की पुन्हा तयारी करतं. डायलिसिसवर असणाऱ्यांचं, प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांचं वेगळं. तुम्हाला लस लागू पडलेली आहे. बूस्टर नको."

"म्हंजी बॅलन्स शून्य, तरी फोन लागतो?"

"लागतो," बाई हसल्या.

"मंग माझ्याकडं नका बघू, हिच्याकडं बघून सांगा." राजाभाऊंचा आवाज एकदम उतरला. "महिना झाला, ओट्यापाशी पाठ करून एकटी जेवती. मला घास उतरत न्हाई, मॅडम."

आपण या माणसाच्या शेजारी राहतो याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

बाई शोभाकडे वळल्या. "ताटानं, पेल्यानं हा आजार जात नाही. रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, आणि त्यासाठी यांची लस आहे. झोपा एका खोलीत. पण तुमची दर सहा महिन्यांची यकृताची तपासणी कुठाय?"

"ह्यांच्या घोरात राहून गेली," शोभा म्हणाली.

बाहेर टपरीवर चहा घेतला. शोभानं त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि पिऊन टाकला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली.

राजाभाऊ रस्त्याकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

यकृताची सोनोग्राफी मात्र राहिली. ती उपाशीपोटी करतात, आणि शोभा नाश्ता करून आली होती. मी गुरुवारचा नंबर घेऊन ठेवलाय, पण ती म्हणते, लेक सुट्टीला आली की बघू. उद्या सकाळी जाऊन तिला तयार करायचं आहे.