माझ्या आवाजाची चोरी आणि मी

या घरात हरवलेली एकही वस्तू माझ्या नजरेतून सुटलेली नाही. मी स्वतः जपून ठेवलेल्या वस्तू सोडून. शाळा माझी चौथीत सुटली, पण माणूस दारात चप्पल कशी काढतो त्यावरून तो काय मागायला आलाय ते मी सांगते. निम्म्या वेळा तो निघून गेल्यावर सांगते, पण सांगते. पोलीस खात्याने मला कधी बोलावलं नाही, हे त्यांचं दुर्दैव.

तर गुन्हा असा. माझा मुलगा आणि सून मागच्या खोलीत बसून मोबाइलवरचे खेळ बनवतात. दोन वर्षं खपून त्यांनी एक खेळ केला. दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि वारा सुटायच्या आत चिमटे लावायचे. चुकलं की एक बाई ओरडते, "हातात जीव आहे का नाही?" ती बाई मी. आवाज माझा. मुलाने मला माईकसमोर बसवून पाऊण तास ओरडायला लावलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला कोणी 'पुरे' म्हणालं नाही.

मोबाइलमधल्या दुकानात खेळ लागून आठ दिवस होतात तोच दुकानवाल्यांनी तो उचलून बाहेर टाकला. दुसऱ्या एका कंपनीची तक्रार आली होती की यांनी आमचा खेळ चोरला. त्यांचा आमच्या पंधरा दिवस आधी आलेला. त्यातही दोरी, त्यातही चिमटे आणि त्यातही मी. पुरावा म्हणून त्यांनी माझाच आवाज जोडला होता. तीन दिवसांत खुलासा दिला नाही तर आमचा खेळ कायमचा बंद. सून दोन घास खाऊन उठली, मुलगा ताटावर बसलाच नाही.

मुलाने गाठलेले वकील म्हणाले, कपडे वाळत घालायची कल्पना कोणाच्या मालकीची नसते. मी म्हटलं, या घरात ती चाळीस वर्षं माझ्या एकटीच्या मालकीची होती, कोणी हातसुद्धा लावला नाही. त्यावर ते म्हणाले, आवाज मात्र ज्याचा त्याचा. तो घराबाहेर कसा गेला तेवढं शोधा.

तपास मी हाती घेतला. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला संशय इंटरनेटची वायर दुरुस्त करणाऱ्यावर. महिन्यात तीनदा आला आणि तिन्ही वेळा पाणी नको म्हणाला. मनात पाप असलं की माणसाला त्या घरचं पाणी गिळवत नाही, हा माझा सिद्धांत. त्याला बोलावून समोर बसवलं आणि पाणी पाजत राहिले. चौथ्या ग्लासाला त्याने कबूल केलं की पहिल्या दिवशीच वायर उलटी जोडली होती, म्हणून सारखं यावं लागत होतं. गुन्हा उघडकीला आला, फक्त दुसराच.

मग समोरच्या गच्चीवरची शेजारीण. कपडे वाळत घालताना ती आमच्याकडे कान लावून असते, तेव्हा माझं बोलणं तिनेच टिपून विकलं असणार. तिने शांतपणे उशी झटकली आणि म्हणाली, "ताई, तुमचं ओरडणं चोरायला कशाला लागतंय? ते घरपोच येतं."

सुनेवर मी सगळ्यात शेवटी संशय घेतला, याची नोंद व्हावी. विचारलं, फोनवर हळू आवाजात कोणाशी बोलतेस? म्हणाली, "माझ्या आईशी. तुमच्याबद्दल." यात खोट काढायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा लावून खिडकीच्या गजांवरचे ठसे बघत होते (ते माझेच निघाले), तेव्हा सुनेने कॉम्प्युटरवरून मान वर करून विचारलं, रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी या खुर्चीवर कोण बसलं होतं?

इंटरनेटवर फुकट आवाज मिळायची एक जागा असते. बादली पडल्याचा, वाऱ्याचा, हवा तो. दहा घ्यायचे तर एक आपला द्यायचा. त्या दिवशी मुलगा तिथून आवाज उतरवून घेत होता, तेवढ्यात त्याला फोन आला. मला खुर्चीवर बसवून जाताना म्हणाला, आई, कॉम्प्युटरने काही विचारलं तर हाक मार. त्याने विचारलं. मी हाक मारली नाही. इंग्रजीत विचारलं म्हणून काय झालं? एक बटण लाल होतं, एक हिरवं. लाल म्हणजे थांबा, हिरवं म्हणजे चला. मी चला केलं. सुनेने सांगितलं, प्रश्न असा होता की नुकताच भरलेला या बाईंचा आवाज जगात कोणालाही वापरू द्यायचा का.

गुन्हेगार माझ्याच चपला घालून तीन दिवस माझ्याबरोबर तपास करत होता.

मुलाने माईक उचलून कपाटात ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, त्या कंपनीला फोन लाव. वकील नको, मी बोलते.

कंपनी कसली, आमच्यासारखाच घरी बसून काम करणारा एक माणूस. माझ्या वकिलांशी बोला, असं त्याने सुरू केलं. मी म्हटलं, "अरे, आधी नीट ऐकून तरी घेशील?"

 पलीकडून अगदी हळू आवाज आला, "काकू... दोरीवाल्या?"

"त्याच."

मग तो भडाभडा बोलायला लागला. फुकटच्या आवाजांत त्याला दोरी आणि चिमट्यांवरून चाललेलं माझं ओरडणं सापडलं होतं आणि ते ऐकूनच त्याला खेळ सुचला होता. आमच्या खेळाचं त्याला नावही माहीत नव्हतं. तो बघितल्यावर आम्हीच त्याची नक्कल केली, असं त्याला मनापासून वाटलं. मी हिरव्या बटणाची हकीकत सांगितली. आधी तो हसला, मग ओशाळला आणि फोन चालू असतानाच त्याने तक्रार मागे घेतली. खेळ परत लावल्याचा दुकानवाल्यांचा निरोप आला तो मुलाने दोनदा वाचला आणि खुर्ची शेजारी असून जमिनीवर बसला.

"काकू, एक विचारू?" तो माणूस म्हणाला. "घरी तुम्ही खरंच अशा ओरडता?"

मी तोंड उघडायच्या आत सून माझ्या खांद्यावरून फोनमध्ये म्हणाली, "नाही हो. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता."