पेशकब्ज आणि चार टाके

जुनी सुरी हातात द्या, दोन मिनिटांत तिचं गाव सांगतो, असं मी सोलापुरात निदान शंभर लोकांना ऐकवलं असेल. कचेरीत कारकुनी करता करता तीस वर्षं खंजीर, कट्यार, जंबिया यांचाच अभ्यास केलाय. शंभरांतल्या एकानं ते खरं मानलं. टॉवेलच्या दुकानातला शाकीर.

एक दिवस त्यानं एक सुरी माझ्यापुढं ठेवली, त्याच्या आजोबांची. "अब्बा म्हणायचे आजोबा काबूलचे. मामू म्हणतात कसलं काबूल, इथल्याच मैंदर्गीचे. तुम्हीच सांगा, साहेब."

मी दुकानातच वहीतली चित्रं शेजारी मांडली. "खंजिराला दोन्हीकडं धार, हिला एकीकडंच. पाठ जाड, टोक दाभणासारखं. ही पेशकब्ज! हिनं चिलखत भेदायचे. कसं ते बघ."

मे महिन्याचा घाम. हात मुठीवरून सरळ पात्यावर घसरला.

शाकीरनं कोरा टॉवेल गुंडाळून मला दवाखान्यात नेलं, सुरीही घाईत पिशवीत टाकली. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

‘सुरीनं’ एवढंच सांगून गप्प बसायचं होतं. मी म्हणालो, "चिलखत भेदायच्या अफगाणी हत्यारानं."

डॉक्टरांनी चौकीत कळवलं. हवालदार सिद्धप्पा आले आणि रक्तानं भरलेल्या शर्टातल्या शाकीरला त्यांनी बाकावर बसवलं.

"भोसकलं कुनी?"

"कुणी नाही. साहेबांनी स्वतःच."

"शिकल्याला मानूस सोताला भोसकतोय व्हय?"

शाकीरला सोडवायला मी पेशकब्ज समजावू लागलो. पाठ, टोक, पोलाद. माझ्या प्रत्येक वाक्याला हवालदार एक ओळ लिहीत होते. "चिलखत फाडतंय म्हंता. मग मानसाचं काय ऱ्हातंय?"

दोन तास गेले. शाकीरचा फोन वाजत होता, उचलायची परवानगी नव्हती. शेवटी तो हळूच म्हणाला, "साहेब, भाजीची म्हणा."

मी म्हणालो. "हवालदारसाहेब, सुरी भाजीचीच आहे. कांदा कापत होतो."

"आनि अफगानी?"

"मला त्यातलं काही कळत नाही."

त्यांनी तसं लिहिलं. उजव्या हाताला पट्टी, म्हणून मी डाव्या हातानं सही केली.

सुरी परत मिळाली. शाकीर ती घेऊन तरातरा पुढं निघाला. कोपऱ्यावरच्या धारवाल्यापाशी थांबला आणि म्हणाला, "टोक घासून टाका. गोल करा."

"शाकीर, अरे—"

"घरात पोरी आहेत, साहेब. दारात पोलीस नकोत."

ठिणग्या उडू लागल्या. धारवाल्यानं मधेच चाक थांबवलं, पातं उन्हात धरून बघितलं. "लोखंड लई जुनं दिसतंय. कुठली हो ही?"

शाकीरनं माझ्याकडं बघितलं.

"मंगळवार बाजारातली असेल," मी म्हणालो.