भूमध्य समुद्रावरचा डिंक्या

संत्र्याच्या झाडाकडे नुसतं पाहून रोग सांगणारा माणूस अख्ख्या अचलपूर तालुक्यात एकच आहे, आणि तो मी! हे मी स्वतः सांगतोय म्हणून तुम्ही हसाल, पण लोकही हेच म्हणतात. निदान तेव्हा म्हणायचे. माझं कृषी केंद्र होतं, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'ओमप्रकाश कृषी केंद्र', आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'योग्य सल्ला मोफत'.

आता तो काळ कसा होता ते आठवा. वऱ्हाडच्या शेतीवर रोज पेपरात रडगाणं, दर आठवड्याला एखादी समिती गाड्या घेऊन पाहणीला यायची, आणि औषध कंपन्यांची विक्रीची टार्गेटं मात्र दरवर्षी दीडपट! आमच्या एका कंपनीनं संत्र्यावरच्या डिंक्या रोगासाठी 'डिंकसंहार' नावाची बाटली काढली. जो विक्रेता शंभर खोके विकेल, त्याला इटलीच्या किनाऱ्यावर चार दिवस आलिशान यॉटमधून सफर, रोज किनाऱ्यावर उतरून स्थळदर्शन! मी शंभर विकले. कसे विकले ते विचारू नका. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळत असला तर विकली, आणि गळत नसला तर गळू नये म्हणून विकली!

पण गावाला काय सांगणार? लोकांच्या बागा सुकताहेत आणि ओमभाऊ समुद्रावर हवा खायला चालले, हे बरं दिसलं नसतं. म्हणून मी सांगून टाकलं, "अभ्यास दौरा आहे! परदेशात डिंक्यावर काय इलाज करतात ते पाहायला चाललो."

सगळ्यांनी मान डोलावली. एकटे नत्थुजी तेवढे काउंटरला टेकून उभे राहिले. त्यांची तीनशे झाडं. त्यातल्या साठांना डिंक्या लागलेला, आणि दोन वर्षं ते माझ्याकडूनच बाटल्या नेत होते.

"ओमभाऊ," ते म्हणाले, "तठून काईतरी पक्कं आना बाप्पा. ह्या बहारालेबी डिंक गयला तं मी झाडं तोडतो अन् हरभरा पेरतो. लेकरावानी वाढोली जी झाडं, पन आता पाहवत नाई."

"तुमी एकबी झाड तोडू नका! इलाज घेऊनच येतो!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. बोलून गेलो खरा. पण नत्थुजींनी बाग तोडली असती तर आजूबाजूच्या दहा जणांनी तोडली असती, आणि मग माझ्या दुकानात बाटलीच काय, रिकामं खोकंही कुणी मागितलं नसतं.

यॉट मात्र काय होती! पांढरीशुभ्र, आतून कुठल्या संस्थानिकाची बैठक वाटावी अशी. आम्ही बारा विक्रेते आणि कंपनीचे अकोल्याचे अधिकारी शिवम सर. माझ्या खोलीत पातूरचे गयासुद्दीनभाई होते. ते बोटीवर चढले आणि आडवे झाले, ते आडवेच! "ओमभाऊ, मले खाली उतरवा! मी पैदल येतो!" एवढंच म्हणायचे.

एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या अंगावर चढत गेलेली गुलाबी-पिवळी घरं, मागे सूर्य बुडतोय, आणि आमचे बारा विक्रेते कशावर भांडताहेत? कालबाह्य माल कंपनीनं परत घ्यावा की नाही यावर! मला एकट्यालाच अभ्यास दौऱ्याची आठवण होती, आणि ती रात्री गादीवर पडलं की टोचायची. नत्थुजींना सांगू काय?

तिसऱ्या दिवशी एका गावाला उतरलो. गावाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. शिवम सरांनी बजावलं, "दीड तास! चर्च बघा, किल्ला बघा, बरोबर चार वाजता बोट सुटणार!" चर्च पाहिलं. किल्ल्याच्या पायऱ्या चढत असताना गयासुद्दीनभाईंना जमिनीचा स्पर्श होऊन जीव आला होता. आणि तेवढ्यात एका घराच्या कुंपणातून मला दिसलं, संत्र्याचं झाड! बुंध्यावर तपकिरी डिंकाचा ओघळ!

"गयासुद्दीनभाई! डिंक्या!"

"अरे भाऊ, छोडो ना! ये अपना पातूर है क्या?"

पण मी थांबतो कशाचा? फाटक उघडंच होतं. गयासुद्दीनभाईंचा फळं कापायचा चाकू घेतला, गुडघे टेकले आणि सडलेली साल खरवडायला लागलो. घरातून एक आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या आसपासच्या, काळा झगा, पायात रबरी बूट. परका माणूस चाकू घेऊन आपल्या झाडाची साल सोलतोय हे पाहून त्यांनी जी किंकाळी फोडली, ती बोटीपर्यंत गेली असेल!

पाच मिनिटांत सगळी गल्ली गोळा. दहाव्या मिनिटाला दोन पोलीस! एकानं चाकू काढून घेतला. आता समजावणार कसं? मला इंग्रजी दोन-चार वाक्यांपुरतं येतं, त्यांना तेवढंही येत नव्हतं. गयासुद्दीनभाई पुढे सरसावले. झाड आजारी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी आधी खोकून दाखवलं, मग कपाळाला हात लावला, मग मान टाकली, आणि शेवटी झाडाकडे बोट केलं. नेमका मी झाडापुढे उभा! पोलिसानं माझी नाडी पाहिली. एका बाईनं मला पाण्याचा ग्लास दिला. दुसरीनं खुर्ची आणून तीत दाबून बसवलं!

तेवढ्यात बंदरावरून भोंगा वाजला. मोबाइलवर शिवम सर ओरडत होते, "ओमभाऊ, कुठे आहात? बोट सुटतेय!"

"मी येऊ शकत नाही सर! साल अर्धी खरवडली आहे! अशी उघडी सोडली तर झाड मरेल!"

"कुणाचं झाड?"

काय सांगणार? मी खुर्चीतून मान वळवून पाहिलं, तर परसात द्राक्षाचा मांडव, आणि पानांवर औषधाच्या फवाऱ्याचे निळसर डाग. मी उठून त्या डागांवर बोट ठेवलं, मग झाडावर ठेवलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, डिंक नखानं खरडून पाहिला. मग पोलिसाला बाजूला ढकलून तरातरा छपरीत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. उघडला, तर निळेनिळे खडे. बुरशी मारणारा मोरचूद! मागोमाग चुन्याची पिशवी आणि प्लॅस्टिकच्या दोन बादल्या!

मग आम्हाला भाषा लागली नाही. मोरचूद एका बादलीत, चुना दुसरीत, लाकडी काठीनं ढवळणं. मी सांगायच्या आत त्यांनी पोलिसाच्या हातातून चाकू घेतला आणि मिश्रणात बुडवून पाहिला. पात्यावर तांब्याचा लाल रंग चढला की चुना कमी पडला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पातं लाल झालं! आम्ही दोघांनी एकदमच चुन्याकडे हात नेला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या! खोटं सांगत नाही, मला गहिवरून आलं. किती वर्षांत मी कुणाला बाटली न विकता इलाज सांगितला होता?

लेप लावत होतो तेव्हा मला शोधत शिवम सर धापा टाकत पोचले. बोट गेलीच होती. आधी मला शिव्या घालायला तोंड उघडलं, पण समोर टाळ्या वाजवणारी गर्दी, पोलीस आणि माझा मुका घेणाऱ्या आजी! त्यांनी ताबडतोब कॅमेरा काढला. "फर्स्ट क्लास पब्लिसिटी, ओमभाऊ! आज रात्रीच अमरावतीच्या पेपरला पाठवतो! काय काय लावलं ते सांगा!"

मी सगळं सांगितलं. अगदी प्रमाणासकट! पुढच्या बंदरापर्यंत आम्ही तिघं बसनं गेलो, आणि साऱ्या प्रवासात गयासुद्दीनभाई पहिल्यांदाच हसले.

गावी परतलो तर पेपरात फोटो छापून आलेला! 'अचलपूरच्या कृषितज्ज्ञाने युरोपातील संत्रा वाचवला'. मी वीस प्रती घेतल्या. एक लॅमिनेट करून काउंटरवर लावली. दुपारी नत्थुजी आले. त्यांच्याही हातात तोच पेपर. चष्मा लावून त्यांनी बातमी शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचली. "मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पानी धा लिटर." मग चष्मा काढला.

"ओमभाऊ, तठी मोरचूद-चुना, अन् आमाले दोन वर्सं बाटली? असं काहून जी?"

पकडला गेलो होतो मी! पण विक्रेत्याची जीभ, ती थोडीच थांबते!

"नत्थुजी, तिथली हवा वेगळी! खारं वारं! मुरमाड डोंगर! आपल्या काळ्या मातीत तो लेप अजिबात चालत नाही. झाड उलट जळतं!"

"सांगता काय? मंग मी कालच मोरचूद आनून ठेवला, तो फेकून देऊ?"

"आजच फेका! अन् दोन खोके डिंकसंहार घेऊन जा!"

नत्थुजींनी मान हलवली. हात खिशाकडे निघाला होता. आणि त्याच क्षणी आतून माझी बायको, सत्यभामा, चहाचे कप घेऊन आली.

"काहून चालत नाई जी?" ती म्हणाली. "आपल्या मांगच्या बागेले तं मी धा वर्सांपासून तेच लावून राहिली! एक झाड गेलं नाई आजवर. नत्थुभाऊ, चहा घ्या ना."

नत्थुजींचा खिशाकडे निघालेला हात चहाच्या कपाकडे वळला. मला लाज वाटली. खरंच वाटली. दोन वर्षं हा माणूस माझ्या शब्दावर झाडं राखून होता. नत्थुजींनी शांतपणे चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, चुना आदी भिजवाचा का मोरचूद?"

दुसऱ्या दिवसापासून संत्रावाले बागायतदार पुढच्या दुकानात येईनासे झाले. मागच्या दारानं यायचे, सत्यभामेला झाडाची साल दाखवायला. कंपनीनं पुढच्या सफरीतून माझं नाव काढलं.

नत्थुजींची बाग मात्र वाचली. बहार निघाला तेव्हा त्यांनी करंडीभर संत्रे आणून सत्यभामेच्या पुढ्यात ठेवले. मी दारात उभाच होतो. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "ओमभाऊ, तुमीबी खाजा एखांदा. पन वहिनीले इचारून!"