तळ आणि तळं

जळातून उपजले ते जळास मिळते, मध्ये चार दिवस कोरडे राहते त्यास राज्य म्हणतात; त्या जळास वंदन करून लिहितो. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे मांडिले आहे. शास्त्र आम्हांस बेताचे, चुकले असेल तेथे जाणत्यांनी सावरून घ्यावे.

राज्याच्या उत्तरेस थोर तळे होते. हिवाळ्यात तेथे चक्रवाक उतरत आणि काठचे भोई मासळीवर पोट भरीत. या तळ्याचे पाणी अभ्यासावयास मंदाकिनीबाई रिसबूड म्हणून जलशास्त्रज्ञ चाकरीस होत्या. बाई विद्येने थोर, आवाजाने लहान. त्यांनी काठाने नळ्या पुरून पाणी कोठून येते, कोठे मुरते याचा वर्षानुवर्षे शोध घेतला आणि त्यांस कळो आले की, तळ्याच्या बुडाशी चिकण मातीचा हातभर थर आहे आणि त्याखाली सारा भेगाळ खडक. थर आहे तोवर तळे आहे, थर फुटला की पाणी पाताळी गेले.

मग महाराजांच्या चित्ती आले की, शेजारच्या राज्यात पक्षी पाहावयास दुरून लोक येतात, तरी आपणही तळ्याचे संवर्धन करावे. दरबार भरला, आणि पंखे घरघरत होते, आणि मानकरी चिवडा चावीत होते, आणि बाई बोलावयास उठल्या. सारे शास्त्र घशात अडकले आणि एवढेच बाहेर आले, "महाराज, तळ राखा."

"काय म्हणतात?" महाराजांनी पुसिले.

कारभारी दाजीसाहेब जवळ बसले होते, ते गर्जले, "तळं राखा म्हणतात, सरकार!"

"वा! तळं राखील तो पाणी चाखील! आम्ही राखूही आणि चाखूही!"

तळ आणि तळं यांत एका टिंबाचे अंतर, आणि टिंब कानास दिसत नाही. टाळ्या जाहल्या, बाईंस वाटले आपले म्हणणे मान्य जाहले, आणि त्या संतोषाने डोंगरातले झरे मोजावयास निघोन गेल्या.

मागे दाजीसाहेबांनी विचार केला की, राखावयाचे तर मोठे करावे, आणि मोठे करावयाचे तर खोल करावे. मग मधोमध बांध घालून अर्धे तळे कोरडे केले, आणि पोकलेन उतरविले, आणि ती चिकण माती गाळ म्हणून शेतोशेती वाटली, आणि जलपूजनाचा मुहूर्त धरिला. त्या दिवशी बाई डोंगरावरून परतल्या त्या थेट काठी आल्या, आणि खड्ड्याच्या बुडाशी उघडा खडक पाहून दाजीसाहेबांकडे धावल्या.

"दाजीसाहेब, बांध फोडू नका!"

वाजंत्र्यांत कोण ऐकतो? दाजीसाहेब हसोन बोलिले, "अहो बाई, तुमचंच तर काम! या, नारळाला हात लावा."

बांध फुटला. पाणी घोंघावत खड्ड्यात उतरले, लोकांनी जयजयकार केला, आणि खड्डा भरेना.

"भरत का नाही?" महाराज बोलिले.

"भरेल, सरकार. खोल केलंय ना."

पाणी येत गेले आणि जात गेले. मग अवघे तळे उतरले, मासे चिखलात तडफडू लागले, खडकातून गुळगुळ आवाज येऊ लागला, आणि वाजंत्री कोणी न सांगता थांबली. महाराज हाती नारळ धरून उभेच राहिले.

दाजीसाहेब बाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच म्हणालात, तळं राखा."

"मी तळ म्हटलं होतं."

"तळ?" महाराजांनी पुसिले, आणि पुन्हा "तळ?" म्हणोन भरजरी वस्त्रांनिशी चिखलातच बसले.

दरबार निघोन गेला. बाई राहिल्या. मग शेतोशेतीची माती मागून आणिली, आणि ती भिजवून खड्ड्यात पसरली, आणि भोई आपल्या म्हशी घेऊन तुडवू लागले, आणि बाईही पदर खोचून उतरल्या. शेजारी सोनाबाई भोईण तुडवीत होती. मासळी संपली म्हणून तिचा धनी कामासाठी परमुलखी गेला होता.

ती बोलिली, "बाई, तुम्हाला आधीपासनं ठावं होतं?"

"होतं."

"मग वरडायचं होतंत की हो."

बाईंनी पदर पुन्हा खोचला आणि माती तुडवू लागल्या.

येणेप्रमाणे तळे गेले. पुढील पावसाळ्यात घोट्याइतके पाणी टिकले. हिवाळ्यात चक्रवाक आले, दोन फेरे घातले, आणि न उतरता गेले. इतके वर्तमान.