नमुन्याचा चाकू

जावई तपासनीस होऊन आपल्याच कारखान्यात येतोय हे कळलं, तेव्हा उस्तादांनी सगळ्यांना चहा पाजला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याआधी चहा पाजणारे ते पहिलेच असावेत.

कारखाना खिशात मावणाऱ्या तीन पात्यांच्या चाकूंचा. प्रत्येक पात्यामागे ते घट्ट धरणारी एक पोलादी पट्टी असते. तिच्याशी जुळेपर्यंत पात्याचं बूड कानशीनं घासायचं, कमी नाही की जास्त नाही. उस्तादांचा चाकू खट्कन उघडायचा आणि उघडला की हलायचा नाही. यंदा त्यांचं निवृत्तीचं वय भरलं होतं, पण मालकांनी शब्द दिला होता, "हात चालतोय तोवर ही जागा तुमची." त्या जागेवर त्यांचा जीव होता. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे, इथे सगळे विचारत.

जावयानं पहिल्याच आठवड्यात चाळीस चाकूंची मापं घेतली.

"बाबा, चाळीस चाकू, चाळीस तऱ्हा! एकाचं पातं दुसऱ्यासारखं नाही."

"हाताचं काम आहे, जावईबापू. माणसं तरी कुठे एका मापाची असतात?"

"माणसं आपण विकत नाही, बाबा. एक नमुना ठरवू. जुळेल तो पास, बाकी सगळे बाद."

रविवारी जावई सासुरवाडीला जेवायला आला. सासूबाई सफरचंद सोलत होत्या. त्यानं सहज त्यांच्या हातातला चाकू घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"आई, हा कुणी केलाय? एका बोटानं उघडतोय!"

"ह्यांनीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी, खास माझ्यासाठी."

"बाबा, हाच आपला नमुना!"

उस्तादांनी हातातला घास परत ताटात ठेवला. तो चाकू बाद माल होता. घाईत कानस जास्त चालली होती. पट्टी ढिली, पातं डुगडुगतं. बाद माल कारागिरांना घरी नेता येई. त्या संध्याकाळी बायकोचा वाढदिवस विसरल्याचं उंबरठ्यावर लक्षात आलं, तेव्हा खिशातून तोच काढून ते म्हणाले होते, "खास तुझ्यासाठी." एकोणतीस वर्षांनी, तेही जावयादेखत, खरं बोलायचं कोणत्या तोंडानं?

"आवडला तर न्या," ते म्हणाले.

नमुना काचेच्या पेटीत बसला. त्यावरून मापं निघाली, मालकांची सही झाली आणि उस्तादांचे चाकू धडाधड बाद होऊ लागले. त्यांनी मुद्दाम जास्त घासून पाहिलं, पण ऐन वेळी हात आपोआप थांबायचा. चुकायचं नाही एवढंच तो आयुष्यभर शिकला होता. शेजारच्या बाकावर ढिल्या होता. बारा वर्षांत एकही घट्ट चाकू न जमल्यानं त्याला हे नाव पडलेलं. त्याचे मात्र शंभरातले शंभर पास.

"उस्ताद, काही अडलं तर विचारा हां," तो म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला, त्याचंच उस्तादांना जास्त लागलं.

महिन्याभरानं मालकांनी बोलावलं. "शंभरात चौऱ्याण्णव बाद, उस्ताद. तुमच्याच जुन्या चाकूशी तुमचा नवा जुळेना. वय झालं. एक तारखेपासून तुमच्या जागेवर ढिल्या बसेल."

त्या संध्याकाळी उस्तादांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी बोट कापलं होतं माझं. चाकूवाल्याची बायको मी, एवढंही कळू नये?"

"मग बोलली का नाहीस?"

"खोटं बोलताना तुम्ही इतके खूश दिसत होता!"

"आणि त्या रविवारी?"

"सासऱ्यानं बायकोला टाकाऊ माल दिला, असं जावयाला सांगू? लेकीचं माहेर आहे हे."

सकाळी उस्तादांनी जावयाला गाठलं. सगळं ऐकून जावयानं आधी दार लावलं.

"बाबा, मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. बोटं कापल्याची गिऱ्हाइकांची पत्रंही आलीत."

"मग हे थांबवा की!"

"मालकांची सही झालीय. नमुना चुकला म्हटलं तर नोकरी जाईल माझी. मग तुमच्या लेकीनं…"

उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण लेकीचं नाव निघालं की त्यांचं तोंड बंद होतं, हे जावयाला लग्नापासून ठाऊक होतं.

"तुम्हाला घरी बसू देणार नाही, बाबा," तो मायेनं म्हणाला. "मालकांशी बोललोय मी."

एक तारखेला उस्तादांना दाराजवळ एक छोटं टेबल मिळालं. त्यावर शाईची गादी आणि शिक्का होता: 'बाद'.

"मापं लावत बसलं की वेळ जातो," जावयानं समजावलं. "चांगला चाकू नुसता हातात घेऊन ओळखणारा तुमच्याशिवाय आहे कोण इथे?"

पहिली पेटी आली. वरचाच चाकू उस्तादांच्या शेवटच्या दिवशीचा होता. त्यांनी पातं उघडलं. खट्! ढिल्यानं बाकावरून मान वळवली.

"वा! तुमच्या हातचा ना, उस्ताद?"

"हो," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.