सुवर्ण पास आणि सात मिलिमीटर

आनंद क्षणिक असतो, याविषयी सर्व शास्त्रांचे एकमत आहे. तो बारा महिन्यांचा करून, त्यावर धारकाचे छायाचित्र डकवून आणि 'अहस्तांतरणीय' असा शिक्का मारून विकता येतो, हे सिद्ध होण्यास मात्र आपला काळ उजाडावा लागला. या शोधाचे श्रेय ज्या मनोरंजन उद्यानाकडे जाते, त्याच्या प्रवेशद्वारी मी स्वतः पुष्कळ रविवार उभा राहिलो आहे. तेव्हा पुढील निवेदन ऐकीव नाही.

उद्यानाच्या वार्षिक पासाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. पहिल्या वर्षी पास एकाच प्रकारचा होता, त्याची किंमत दोन हजार होती आणि तो वर्षाचे सर्व दिवस चालत असे. ही अवस्था अर्थातच अविकसित होती. कोणीही उठावे, केव्हाही यावे आणि पाळण्यात बसावे, यात शिस्त कसली? दुसऱ्या वर्षी किंमत अडीच हजार झाली व चाळीस दिवस 'वर्ज्य' ठरले. वर्ज्य दिवस म्हणजे ज्या दिवशी पासधारकास उद्यानात यावेसे वाटण्याचा संभव असतो, तो दिवस. (हे दिवस निवडण्यासाठी नेमलेल्या समितीवर केवळ लहान मुलांचे आईबाप घेतले होते, त्यामुळे निवडीत एकही चूक झाली नाही.) तिसऱ्या वर्षी रौप्य, सुवर्ण आणि हीरक अशा तीन श्रेणी निर्माण झाल्या. रौप्य पासधारकास उद्यानात प्रवेश मिळे. सुवर्ण पासधारकास प्रवेश मिळाल्यावर खेळांत बसताही येई. हीरक पासधारकास, याउपर, आपले वाहन कोठेतरी उभे करता येई. पूर्वी जे पासात मुकाट्याने अंतर्भूत असे, ते आता 'लाभ' या मथळ्याखाली क्रमवार छापले जाऊ लागले, आणि अशा रीतीने लाभांची संख्या शून्यावरून अकरावर गेली.

किंमत वाढते म्हणून कोणी पास सोडल्याचे उदाहरण नाही. कारण खंड न पाडता नूतनीकरण करणाऱ्यास जुन्या दरात सवलत मिळते, आणि एका दिवसाचाही खंड पडल्यास तो मनुष्य 'नवीन' ठरतो. उद्यानात यावे म्हणून पास घेणारे पहिल्या वर्षी असतात; नवीन ठरू नये म्हणून घेणारे पुढे आयुष्यभर. उद्यानाच्या वार्षिक अहवालानुसार चौऱ्याण्णव टक्के पासधारक पूर्ण समाधानी आहेत. (उरलेले सहा टक्के त्या वर्षी उद्यानात येऊन गेले होते.)

आमचे जावईबापू या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षी दाखल झाले. ते वजने व मापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानादुकानांतून फिरावे, तराजू तपासावेत, खोट्या वजनांवर जप्ती आणावी, असे त्यांचे सोळा वर्षांचे व्रत आहे आणि या काळात त्यांनी न तपासता एकही माप मान्य केलेले नाही. घरी येणारे दूध ते स्वतः मापून घेतात. दूधवाल्यास याचे वैषम्य वाटत नाही, कारण सासऱ्याने आणलेले तेलही मापले जाते, हे त्याने पाहिले आहे.

त्यांनी चार सुवर्ण पास घेतले : स्वतःस, माझ्या लेकीस, आठ वर्षांच्या नातीस आणि मला. (ज्येष्ठांस दहा टक्के सूट आणि सर्व हलणाऱ्या खेळांस मनाई होती.) माझा सोडून प्रत्येक पास बत्तीसशेचा. त्याच दिवशी शीतकपाटाच्या दारावर 'दरखेप' नावाचा तक्ता लागला. पहिली खेप बत्तीसशेला पडली. दुसरीनंतर दर सोळाशेवर आला, चौथीनंतर आठशेवर. एका दिवसाचे साधे तिकीट चारशेचे असल्याने आठव्या खेपेस पास फिटला, आणि नवव्या खेपेपासून घरी बसणे हा माणशी चारशेचा तोटा ठरू लागला. हा तोटा सोसण्याइतकी आमची परिस्थिती नव्हती.

"अहो, मला आज ताप आहे," एका रविवारी लेक म्हणाली.

"किती?"

"शंभर."

"मग खेळात बसू नकोस, बाकावर बस. त्या बाकापर्यंत जायलाही लोकांना चारशे पडतात."

लेक शाळेत शिकवते. बदकांच्या होड्यांशेजारच्या त्या बाकावर तिने त्या वर्षी मुलांच्या एक हजार चारशे वह्या तपासल्या. तेवढ्यापुरती आमच्या पासाची उत्पादकता निर्विवाद होती.

आता नातीविषयी. तिला घरात सगळे खारूताई म्हणतात, कारण ती बसत नाही, चढते. साऱ्या उद्यानात तिला एकच गोष्ट हवी होती : 'गगनवेध' नावाचा रोलर कोस्टर. बाकीच्या खेळांत ती वडिलांच्या तक्त्यासाठी बसे. गगनवेधाच्या दाराशी एक लाकडी अस्वल उभे केलेले आहे. त्याचा पुढे केलेला पंजा जमिनीपासून बरोबर एकशेवीस सेंटिमीटरवर असून पंजाखाली घंटा आहे. ज्याच्या डोक्याने घंटा वाजेल त्याने आत जावे. न वाजेल त्याने खूप दूध प्यावे, असे अस्वलाच्या पोटावर लिहिलेले आहे. खारूताई दर रविवारी प्रथम तेथे जाई, चपला काढी, श्वास रोखून पंजाखाली उभी राही आणि घंटेच्या शांततेत बाहेर येई.

"होईल गं बाई, आलीच तू," अस्वलाशेजारी स्टुलावर बसलेली कर्मचारीण दर वेळी म्हणे. आमच्यात तिला अस्वलवाली म्हणत.

वर्ष संपत आले तेव्हा उद्यानाचे परिपत्रक आले. भाषेच्या दृष्टीने ते निर्दोष होते. त्यातील कलमे अशी : एक, येत्या वर्षापासून 'गगनवेध' पासधारकांपैकी केवळ हीरक श्रेणीस उपलब्ध राहील. (हीरक पास आता नऊ हजार.) दोन, तथापि ज्या सुवर्ण पासधारकाच्या नावे चालू मुदतीत गगनवेधावर किमान एक आरोहण नोंदलेले असेल, त्याचा त्या खेळावरील हक्क जुन्याच दराने तहहयात अबाधित राहील. तीन, ज्याच्या नावे असे आरोहण नसेल, त्यास त्या खेळाची आवड नाही असे गृहीत धरण्यात येईल.

मुदत संपण्यास बारा दिवस उरले होते. पैकी दहा वर्ज्य होते. उरलेल्या दोहोंपैकी एका दिवशी उद्यान बंद असते. खारूताईची उंची तेव्हा, संध्याकाळी साडेसहा वाजता, पोलादी फितीने तीनदा मोजून, एकशे अठरा सेंटिमीटर तीन मिलिमीटर भरली.

"जाड मोजे घालू या का दोन-तीन?" लेकीने सुचविले.

"मापाला मोजे?" जावईबापूंनी असे विचारले की लेकीने विषय बदलला.

परंतु ते स्वस्थ बसले नाहीत. मनुष्य झोपेतून उठतो तेव्हा सर्वांत उंच असतो आणि दिवसभर उभा राहिल्याने संध्याकाळपर्यंत सुमारे एक सेंटिमीटर दबतो, हे त्यांनी ग्रंथांतून शोधून काढले. यात फसवणूक नव्हती. उंची तिचीच होती, फक्त ती खर्च होण्याआधी गाठावयाची होती. त्या एकमेव दिवशी सकाळी मुलीस अंथरुणातून उठू न देता गादीसह उचलण्यात आले. मोटारीची मागची आसने पाडून तीत तिला, काचेचे तावदान नेतात तशी, आडवी ठेवली. पाय मी धरले होते. उद्यानापाशी सामानाची हातगाडी भाड्याने घेऊन तीवर गादी पसरली. गर्दी आपोआप बाजूला होत गेली.

"पेशंट आहे का?" दारावरच्या पहारेकऱ्याने हळू आवाजात विचारले.

"नाही, उंच आहे," जावईबापू म्हणाले आणि चारही पास पुढे केले.

"आजोबा, नाक खाजवू का?" गादीवरून प्रश्न आला.

"हात न उचलता जमत असेल तर," मी म्हणालो.

अस्वलासमोर हातगाडी थांबली. खारूताईला उचलून पंजाखाली उभे केले. तिने श्वास रोखला. आणि घंटा वाजली.

"अगं बाई! लागला की पंजा!" अस्वलवाली स्टुलावरून उठली आणि तिने साखळी काढली. लेकीच्या हातातील वह्या खाली पडल्या व तिने त्या उचलल्या नाहीत. खारूताई आत पळाली, पायऱ्या चढली, आणि पहिल्या डब्यासमोरच्या रांगेत दुसरी जाऊन उभी राहिली. वरून तिने हात हलविला. मी हलविला, लेकीने हलविला.

जावईबापूंनी हलविला नाही. ते गुडघ्यांवर बसून अस्वलाच्या पायांकडे पाहत होते.

"ही रबरी चटई कधी घातली?"

"परवा," अस्वलवाली म्हणाली. "फरशी ओली राहते हो, पोरं घसरतात."

त्यांनी चटईची कड उचलली आणि खिशातून फीत काढली. "बारा मिलिमीटर आहे."

"असू दे की साहेब."

"अहो," लेक म्हणाली, "ती फीत आत ठेवा."

"पंजा चटईवरून मोजायचा की फरशीवरून, हा प्रश्न आहे."

"मी पाया पडते तुमच्या, फीत आत ठेवा."

हा प्रसंग लिहिताना मला वारंवार वाटते की, येथे कोणी दुष्ट असता तर बरे झाले असते. दुष्ट कोणी नव्हते. सोळा वर्षे तपासलेल्या सर्व तराजूंपुढे उभा असल्यासारखा तो मनुष्य उठला आणि त्याने पायऱ्यांकडे पाहून हाक मारली, "खारू, खाली ये बाळ."

ती आली. चटई काढली गेली. उघड्या फरशीवर ती पंजाखाली उभी राहिली. मान ताठ, टाचा जमिनीस टेकलेल्या. घंटा वाजली नाही. सात मिलिमीटर कमी.

"बाबा, मी आत्ता उंच होते ना?"

"होतीस," जावईबापू म्हणाले. "चटईसकट." मग त्यांनी रुमालाने फीत पुसली, जरी ती स्वच्छ होती.

उद्यानाच्या व्यवस्थापनाने दाखविलेली तत्परता नमूद केली पाहिजे. व्यवस्थापक स्वतः आले, त्यांनी चटई जप्त करविली आणि जावईबापूंस 'जागरूक पासधारक' असे प्रशस्तिपत्र दिले. त्या दिवशी आम्ही बंद होईपर्यंत थांबलो. (मुदतीतील अखेरची खेप होती.) लेकीने बाकावर बसून साठ वह्या तपासल्या, त्यांत एकाही मुलाचा एकही गुण कापला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी हीरक पास घेतले. मुलासोबतचा प्रत्येक प्रौढ त्याच श्रेणीचा असावा असा नियम असल्याने चारही घेतले. लेकीने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आता सोडलं तर गेल्या वर्षीच्या एकतीस खेपा कशासाठी केल्या, सांग?" हे तर्कदृष्ट्या अभेद्य होते. त्या एकतीस खेपा कशासाठी केल्या, याचे उत्तर केवळ बत्तिसाव्या खेपेतच सापडू शकत होते.

चार महिन्यांनी, एका दुपारी चार वाजता, दिवसभर चालून दमलेल्या खारूताईने उघड्या फरशीवर, अनवाणी, घंटा वाजविली. जावईबापूंनी फीत लावली. मोजताना डोळ्यांत पाणी आल्यास वाचन पुन्हा घ्यावे, असा त्यांचा स्वतःचा नियम आहे. त्यांनी ते तीनदा घेतले. मग म्हणाले, "जा."

ती गेली. गाडी वर चढली, थांबली, कोसळली, उलटी झाली, सुलटी झाली. ती खाली आली तेव्हा तिचे केस सगळ्या दिशांना होते आणि चेहरा असा होता की तो पाहण्यास मी त्या सर्व रविवारी उभा होतो, हे मला कळले.

"कसं होतं गं?" लेकीने विचारले.

"खूप मस्त. मी ओरडलेच नाही. एकदाच ओरडले." मग तिने चपला पायांत सरकविल्या. "झालं माझं. घरी जाऊ या?"

 अस्वलवालीने साखळी हातात धरून ठेवली.

"खारू," जावईबापू मायेने म्हणाले, "ही पहिलीच झाली गं. या खेळाचं सुटं तिकीट तीनशेला आहे."

"मग किती वेळा बसायचं?"

"तीस."

तिने वडिलांकडे पाहिले. ते फार आशेने उभे होते. तिने चपला पुन्हा काढल्या आणि ती म्हणाली, "चला मग, पटापट उरकू." त्या दिवशी सहा झाल्या. चौथ्या वेळी ती सर्वोच्च टोकावर जांभई देताना दिसली. सहाव्या वेळी तिचे डोळे मिटलेले होते, भीतीने नव्हे. उरलेल्या चोवीस आम्ही पुढील रविवारांवर विभागून टाकल्या आहेत.

येथे वाचकास त्या बापाचा राग आला असेल, तर तो स्वाभाविक आहे. मात्र राग येऊनही आपण येथवर आलात, याची नोंद घ्यावी. मुलीस रांगेतून खाली बोलाविले तेव्हा आपणांस पुस्तक मिटावेसे वाटले होते. आपण मिटले नाही, कारण त्याआधीची पाने वाचून झाली होती आणि ती वाया जाणार होती. जावईबापूंस मी हे सांगितले तेव्हा त्यांनी आपणांविषयी आदर व्यक्त केला. पुस्तकाची किंमत मलपृष्ठावर छापलेली आहे; तीस एकूण पानांनी भागावे, आणि वाचत राहावे. अजून पुष्कळ पाने फिटावयाची आहेत.