थाळीचा एक ठोका

सत्तारभाईंना "काय खबर?" विचारलेलं चालत नाही. सलामाला सलाम करतील, पण या दोन शब्दांवर भडकतात. "खबर असली तर मीच येऊन सांगंन की! सारखं काय इचारून राहिले?"

लातुरात क्लासच्या गल्लीत माझी खानावळ, समोर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. जेवायला येणारी मुलं घटकेघटकेला दारात डोकावायची. "मावशी, झालं का?" "नाही अजून." मोठ्यानं हाक मारायची मला लाज. ते पाहून सत्तारभाईंनी दारात पितळी थाळी टांगून दिली. "भाभी, भाकरी झाली की एक ठोका. जो तो आपोआप येईल." खरंच आले की सगळे!

कॉम्प्युटरचंही त्यांनी तेच केलं होतं. मी चौथी शिकलेली, पण थाळीमुळं मला ते कळलं. एखाद्या वेबसाइटवर नवीन काय लागलं त्याची यादी असते, तिला फीड म्हणतात. आपलं मशीन तिथं अर्ध्या अर्ध्या तासानं जाऊन विचारतं, "नवीन काही?" सत्तारभाई त्या फीडमध्ये एक ओळ वाढवायचे. मग नवीन काही लागलं की वेबसाइटच एका ठिकाणी कळवते, आणि तिथून नाव दिलेल्या सगळ्यांना त्याच क्षणी निरोप. "हब म्हणत्यात त्याला. पण हाय ती चावडीच!" मी तोंडाला पदर लावून बघतच राहिले. न विचारता जगभरची खबर दारात!

नायगावची सविता माझ्याकडं राहायची. नांदेडच्या कॉलेजात तिचं नाव वेटिंगवर होतं. यादी कधीही लागणार, आणि लागली की त्याच दिवशी पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सत्तारभाईंनी नांदेडला तीन खेपा घातल्या. शेवटी तिथल्या साहेबांनी कंटाळून ती ओळ घालू दिली.

एका सकाळी साडेदहाला सत्तारभाईंचा मोबाइल वाजला. ते धावत आले. "सविता, ऊठ! नाव लागलं तुझं!" पोरीनं हातातला घास टाकून अकराची एसटी गाठली.

चार वाजता सत्तारभाई दारात. "भाभी, काय खबर?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. साडेचारला पुन्हा आले. "काय खबर?"

मी कधी नव्हे ते बोलून गेले, "खबर असली तर ठोका देणार नाही का मी?"

ते हसले नाहीत. पायरीवर बसले. "भूकंपात तंबूतंबूनं हेच इचारत फिरलो, भाभी. औशाच्या पुढं दिली होती बहीण. जो तो म्हणायचा, अजून न्हाई. अन् ती जित्ती होती, सोलापूरच्या दवाखान्यात. मला कळून पोचलो, तवा तिला जाऊन दोन तास झाले होते." उठून दुकानात गेले.

पाचला दहा कमी असताना फोन आला. "मावशी, मिळाली जागा!"

चुलीवर काहीच नव्हतं. तरी मी थाळीवर एक ठोका दिला, आजवर दिला नव्हता एवढा मोठ्यानं. समोरून सत्तारभाई पळत आले. एकाच पायात चप्पल होती.